भूमीची नाडी पाहिली पाहिजे

आठवड्याच्या बाजारात मातीचे मडके विकत घेणारी गृहिणी ते वाजवून पाहिल्यावाचून घेत नाही. बोटाच्या पेराने ती त्यावर हलकेच टिचकी मारते, कान देऊन नाद ऐकते आणि तो खणखणीत आला तरच पैसे मोजते. नाद बद्द आला की मडके खाली ठेवते. एका उन्हाळ्यापुरत्या वस्तूसाठी आपण एवढी काळजी घेतो. परंतु ज्या भूमीवर जन्मभराची कमाई घालून घर बांधावयाचे, त्या भूमीचा नाद मात्र आपण कधी ऐकत नाही. जागा रस्त्यालगत आहे की नाही, पाण्याची सोय कशी, दार कोणत्या दिशेला येईल, याची चौकशी होते. खालची भूमी हादरली असता कशी हालेल, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारला पाहिजे आणि बालाघाटसारख्या मध्यम शहराने तो आताच विचारला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी भूकंप होण्याची वाट पाहावी लागत नाही. भूमीची नाडी एरवीही चालूच असते. ती पाहण्याची विद्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली आहे आणि ती फार खर्चिकही नाही. अशा स्थितीत ती न पाहणे हा आमच्या मते अज्ञानाचा नव्हे, तर आळसाचा दोष ठरेल.

भूमी स्थिर आहे, अशी आपली समजूत असते. 'अचला' हे तिचे एक नावच आहे. परंतु नाजूक यंत्राने पाहिले असता ती क्षणभरही अचल नसल्याचे दिसून येते. रस्त्यावरून जाणारी मालमोटार, रुळांवरून धावणारी आगगाडी, वाऱ्याने डोलणारी झाडे, पाणी उपसणारे पंप, माणसांची पावले, या सर्वांमुळे तिच्यात अतिसूक्ष्म कंप उठत असतात. इतकेच नव्हे, तर समुद्राच्या लाटांमुळे उत्पन्न होणारे, काही सेकंदांच्या आवर्तकालाचे मंद कंप खंडाच्या पोटात दूरवर पोहोचतात. आपल्या बालाघाटपासून समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही त्याचा श्वासोच्छ्वास आपल्या पायांखाली चालू असतो! हे कंप बहुधा मिलिमीटरच्या सहस्रांशाएवढे, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान असतात. म्हणून त्यांस 'सूक्ष्मकंप' म्हणतात.

या सूक्ष्मकंपांत माणसाचा वाटा किती मोठा आहे, हे 2020 साली जगास अकस्मात कळून आले. करोनाच्या साथीमुळे देशोदेशी टाळेबंदी झाली, गाड्या थांबल्या, कारखाने आणि शाळा बंद पडल्या. त्या काळात 117 देशांतील 268 भूकंपनोंद-केंद्रांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा माणसाच्या हालचालींमुळे होणारा भूमीचा 'कोलाहल' काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरलेला आढळला. आपली शाळेतील धावपळही भूमीच्या नोंदवहीत लिहिली जात असते, ही गोष्ट विद्यार्थ्यांस मौजेची वाटेल.

भूकंपशास्त्रज्ञांना हा कोलाहल प्रथम अडचणीचाच वाटे. कारण दूरच्या भूकंपाची बारीक नोंद त्यात बुडून जाई. परंतु पुढे काही अभ्यासकांच्या असे ध्यानात आले की, ज्याला आपण कचरा म्हणून बाजूला सारतो, त्यातच भूमीच्या प्रकृतीची माहिती दडलेली आहे. जपानात कियोशी कानाई यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सूक्ष्मकंपांचा उपयोग जमिनीची पारख करण्यासाठी केला. 1971 साली नोगोशी आणि इगाराशी यांनी एका नव्या रीतीची दिशा दाखविली. आणि 1989 साली जपानी रेल्वेच्या संशोधन संस्थेतील युताका नाकामुरा यांनी ती रीत सुटसुटीत रूपात मांडून जगभर प्रसिद्ध केली. रेल्वेच्या माणसाला या प्रश्नाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच होते. मैलोगणती रूळ नाना प्रकारच्या जमिनींवरून जातात. त्यांतील कोणती जमीन भूकंपात अधिक हालेल, हे त्याला कमी खर्चात जाणून घ्यावयाचे होते.

ही रीत समजण्यास आधी 'अनुनाद' ही कल्पना ध्यानी घेतली पाहिजे. थांब्यावर उभ्या असलेल्या मोटारगाडीत आपण बसलेलो असतो. इंजिन चालू असते. चालक वेग थोडा वाढवितो आणि एकाएकी आपल्याजवळची खिडकीची काच खडखडू लागते; वेग आणखी वाढला की ती पुन्हा गप्प होते. इंजिनाचा जोर वाढलेला असतानाही काच गप्प का होते? कारण प्रत्येक वस्तूला हालण्याची स्वतःची अशी एक गती असते. बाहेरचा कंप त्या गतीशी जुळला की थोडक्या जोराने मोठी हालचाल होते. जुळला नाही की मोठा जोरही वाया जातो. झोपाळ्यावर बसलेल्या लहान भावाला झोका देणाऱ्या मुलीला हे शास्त्र पुस्तकावाचून येत असते. ती बळ लावीत नाही, वेळ साधते.

आता कठीण खडकावर मऊ मातीचा थर पसरलेला आहे, अशी कल्पना करा. खडकातून वर आलेले कंप या थरात शिरतात, वरच्या पृष्ठावरून मागे फिरतात, पुन्हा खडकावर आपटून वर येतात आणि त्या थराची जी स्वाभाविक गती असेल तिच्याशी जुळणारे कंप फुगत जातात. ही गती काढण्याचे सूत्र नववी-दहावीच्या विद्यार्थ्यास सहज कळेल असे आहे. मातीतून आडव्या कंपाची लहर ज्या वेगाने वर जाते, त्या वेगाला थराच्या जाडीच्या चौपटीने भागावे. वेग सेकंदास 200 मीटर आणि थर 20 मीटर असेल, तर 200 भागिले 80, म्हणजे सेकंदास अडीच कंप. थर 5 मीटरच असेल, तर 200 भागिले 20, म्हणजे सेकंदास दहा कंप. थर पातळ तर कंप जलद. थर जाड तर कंप सावकाश.

ही गती मोजण्याची नाकामुरांची युक्ती अशी. एक संवेदनशील कंपमापक जमिनीवर ठेवावयाचा. तो तीन दिशांची हालचाल एकाच वेळी टिपतो : उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि खाली-वर. अर्धा तास, गरज पडल्यास त्याहून अधिक वेळ, तो तसाच राहू द्यावयाचा. नंतर आडव्या हालचालीला उभ्या हालचालीने भागून, प्रत्येक गतीच्या कंपासाठी हे गुणोत्तर किती येते, याचा आलेख काढावयाचा. मऊ थर आडव्या कंपांना ज्या गतीवर फुगवितो, त्या गतीवर आलेखात एक शिखर उभे राहते. मालमोटार मोठी होती की लहान, जवळून गेली की लांबून, याचा परिणाम आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही नोंदींवर होत असल्यामुळे भागाकारात तो बव्हंशी निघून जातो आणि भूमीचा स्वतःचा स्वर तेवढा उरतो. ना स्फोट करावयाचा, ना खोल भोक पाडावयाचे, ना भूकंपाची वाट पाहावयाची. वैद्याने मनगटावर बोटे ठेवून गप्प बसावे, तसाच हा प्रकार आहे.

परंतु भूमीचा स्वर कळून उपयोग काय? उपयोग असा की, इमारतीलाही स्वर असतो. साधारण ठोकताळा असा की, मजल्यागणिक सेकंदाचा एक दशांश धरावा. एकमजली घर एका हेलकाव्याला सेकंदाचा दहावा भाग घेते, म्हणजे सेकंदास दहा कंप; चारमजली इमारत चार दशांश सेकंद घेते, म्हणजे सेकंदास अडीच कंप. वरची दोन उदाहरणे आता पुन्हा पाहा. 20 मीटर जाड थरावर चारमजली इमारत उभी केली की भूमीचा आणि इमारतीचा स्वर एक झाला. 5 मीटर थरावर एकमजली घराचे तसेच होईल. म्हणजे अमुक जमीन सर्वथा चांगली आणि तमुक सर्वथा वाईट असे नसून, प्रश्न जोडीचा आहे. लग्नात पत्रिका जुळावी अशी आपली इच्छा असते; येथे मात्र ती जुळू नये अशी इच्छा धरावयाची!

हे सर्व कागदावरचे गणित आहे, असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही मेक्सिको शहराकडे बोट दाखवू. 19 सप्टेंबर 1985 रोजी पॅसिफिक किनाऱ्याजवळ 8.0 परिमाणाचा भूकंप झाला. मेक्सिको शहर तेथून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर होते. एवढ्या अंतरावर धक्का मवाळ व्हावयास हवा होता आणि शहराच्या कठीण जमिनीवर तो तसा झालाही. परंतु शहराचा मोठा भाग एका जुन्या सरोवराच्या मऊ चिखलावर वसलेला आहे. त्या चिखलाने सुमारे दोन सेकंद आवर्तकालाचे कंप उचलून धरले आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची विशेष हानी झाली. ठोकताळ्याप्रमाणे दहामजली इमारतीचा काल एक सेकंद असावयास हवा. मग दोन सेकंदांच्या कंपाने ती का पडावी? कारण मऊ मातीवर उभी असलेली इमारत मुळात सावकाश डोलते आणि भेगा पडू लागल्या की ती अधिक सैल होऊन भूमीच्या स्वराकडेच सरकत जाते. तिच्या शेजारची ठेंगणी घरे आणि काही अतिउंच इमारती मात्र टिकून राहिल्या.

आपल्या देशातही 26 जानेवारी 2001 रोजी असेच घडले. कच्छमध्ये भचाऊजवळ भूकंप झाला आणि सुमारे 230 किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांचे तळमजले गाड्या उभ्या करण्यासाठी भिंतींवाचून मोकळे सोडलेले होते, बांधकामात उणिवा होत्या, हे खरेच. पण साबरमतीच्या जाड गाळाने दूरवरून आलेले कंप फुगविले, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. भूकंप दूर झाला म्हणून आपण सुरक्षित, हा भरवसा त्या दिवशी फोल ठरला.

'पण आमच्याकडे भूकंप कोठे होतात?' असा प्रश्न बालाघाटात हमखास विचारला जाईल. त्याचे उत्तर भूकंपांच्या सूचीतच आहे. 25 ऑगस्ट 1957 रोजी झालेला 5.5 परिमाणाचा भूकंप त्या सूचीत बालाघाटच्याच नावाने नोंदलेला आहे. नर्मदा आणि शोण या नद्यांच्या खोऱ्यांतून भूकवचातील जुन्या भेगांचा एक लांबलचक पट्टा जातो. त्या पट्ट्याच्या आसमंतात 2 जून 1927 रोजी शोण खोऱ्यात 6.5 परिमाणाचा आणि 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात 6.3 परिमाणाचा भूकंप झाला. आणि 22 मे 1997 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी, आपल्यापासून सुमारे 150 किलोमीटरांवर असलेल्या जबलपूरला 5.8 परिमाणाच्या भूकंपाने हादरविले. सुमारे 40 माणसे दगावली, हजारो घरांची पडझड झाली, कोसमघाट या गावाची तर दैना उडाली.

जबलपूरने त्या आपत्तीतून एक धडा घेतला, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. भूकंपानंतर शहराचा कोणता भाग कसा हालेल, याचा सूक्ष्म नकाशा तयार करण्याचे काम केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने हाती घेतले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, हवामान खाते, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, रूडकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था आणि जबलपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी ते मिळून केले. त्यात नाकामुरांच्या रीतीने सूक्ष्मकंपही मोजण्यात आले. 2005 साली या कामाचा अहवाल निघाला. देशातील अशा प्रकारच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. काम उत्तम झाले. पण ते झाले घरे पडल्यानंतर. बालाघाटने तेच काम घरे पडण्यापूर्वी का करू नये?

लातूर-धाराशिवच्या भूमीने याहूनही कठोर धडा दिला आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्री लोक थकून झोपलेले असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि आठ ते दहा हजार माणसे मातीच्या आणि दगडांच्या ढिगाऱ्यांखाली गेली. त्या दिवसापर्यंत देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात रंगविलेला होता. पुढे 2002 साली तो पहिला पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला. सबंध देशाचा नकाशा कामाचा असतो. परंतु त्याचा एक रंग शेकडो कोसांवर पसरलेला असतो. नदीकाठची आळी आणि टेकडीवरची आळी यांत तो भेद करीत नाही. तो भेद गावानेच करावयाचा असतो.

आपले शहर वैनगंगेच्या काठी वसले आहे. नदीने वर्षानुवर्षे आणून टाकलेली माती एकीकडे, तर भोवतालच्या डोंगरांत दिसणारा अतिप्राचीन कठीण खडक दुसरीकडे, अशी येथील भूमीची ठेवण आहे. मऊ थर आणि त्याखालचा कठीण खडक यांत अंतर जितके तीव्र, तितके सूक्ष्मकंपांच्या आलेखातील शिखर स्पष्ट येते. म्हणजे ज्या ठेवणीमुळे धोका संभवतो, तीच ठेवण ही रीत वापरण्यास अनुकूल आहे. शिवाय भरवेलीची मँगनीजची खाण आणि मलाजखंडची तांब्याची खाण ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्यातील लोकांस भूमीच्या पोटाचा अभ्यास करणे नवे नाही. भूमीतून धातू काढण्यासाठी आपण तिची इतकी पारख करतो. तिच्यावर राहण्यासाठी थोडी पारख केली, तर बिघडले कोठे?

या सूचनेवर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, भूकंप क्वचित होतो, त्यासाठी आज पैसा का दवडावा? आमचे उत्तर असे की, भूकंप क्वचित होतो, पण इमारतही क्वचितच बांधली जाते. शाळेची एक इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहते. दोन-तीन पिढ्यांची मुले तिच्यात बसतात. ज्या प्रदेशात 1927, 1938, 1957 आणि 1997 साली भूमी हादरली आहे, तेथे साठ वर्षांच्या आयुष्याची इमारत बांधणाऱ्याने 'आमच्या वेळी काही होणार नाही' असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सर्वत्र मजबूत बांधकाम केले म्हणजे झाले; जमीन मोजण्याची खटपट कशाला? मजबूत बांधकामाला पर्याय नाही, हे आम्हीही मानतो. किल्लारीला माणसे भूमीने मारली नाहीत, चिखलात रचलेल्या जड दगडी भिंतींनी मारली. बांधकामाचे नियम पाळले न जाता नुसती जमीन मोजली, तर ती मोजणी फुकट जाईल. परंतु प्रत्येक इमारत सारखीच मजबूत करण्याइतका पैसा कोणापाशीच नसतो, हेही खरे आहे. जुन्या शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या यांतील कोणत्याची डागडुजी आधी करावी, हे ठरविताना भूमीचा स्वर उपयोगी पडतो. ज्या इमारतीचा स्वर खालच्या भूमीशी जुळतो, तिचा क्रम पहिला. कमी पैशांत अधिक जीव वाचविण्याचा हा मार्ग आहे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही; पण तोच सर्वांत बलवान आहे. नकाशा प्रसिद्ध झाला आणि एखाद्या वस्तीची जमीन 'हालणारी' ठरली, तर तेथील जागांचे भाव पडतील, ही धास्ती. तिला आम्ही हसणार नाही. नदीकाठी स्वस्त जमीन घेऊन ज्याने आपले चार खोल्यांचे घर उभे केले, त्याची तीच सर्व पुंजी असते. परंतु वर दाखविलेच आहे की, ही मोजणी जमिनीला दोष लावीत नाही. कोणत्या जमिनीवर किती उंचीची इमारत टाळावी किंवा अधिक काळजीने बांधावी, एवढेच ती सांगते. जाड थरावरील ठेंगणे घर कदाचित निर्धोकही ठरेल. शिवाय माहिती दडविल्याने धोका कमी होत नाही. तो फक्त विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे आणि जाणत्याकडून अजाणत्याकडे सरकतो. म्हणून मोजणीचे निष्कर्ष सर्वांस समजतील अशा भाषेत जाहीर केले जावेत आणि ज्या वस्तीत धोका अधिक, तेथील गरीब कुटुंबांस घर बळकट करण्यासाठी साहाय्य मिळावे, अशी जोड या सूचनेला आम्ही देतो. साहाय्याविना नुसता नकाशा देणे म्हणजे रोग्यास रोगाचे नाव सांगून औषध न देणे होय.

या रीतीच्या मर्यादाही प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. ही रीत भूकंप केव्हा होईल, हे सांगत नाही. तसे सांगणारी कोणतीच रीत आज उपलब्ध नाही. भूमी कोणत्या गतीने हालेल, हे ती चांगले सांगते; किती पटींनी हालेल, हे तितक्या भरवशाने सांगत नाही. मोठ्या धक्क्यात मऊ माती आपला गुणधर्म बदलते, तो बदल सूक्ष्मकंपांत दिसत नाही. थर हळूहळू कठीण होत गेलेला असेल, तर आलेखात शिखरच येत नाही. जवळ एखादे यंत्र अखंड चालू असेल, तर त्याचेच खोटे शिखर उमटते. गुणोत्तराचे शिखर नेमके कोणत्या लहरींमुळे येते, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. म्हणून या मोजणीस भोके पाडून घेतलेल्या मातीच्या परीक्षेची आणि प्रत्यक्ष भूकंपनोंदींची जोड द्यावी लागते. नाडीवरून वैद्य रोगाची दिशा ओळखतो. शहाणा वैद्य तेवढ्यावरच शस्त्र उचलीत नाही.

आमची मागणी, म्हणून, बेताची आहे. नगरपालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने जाणकार संस्थांना बोलावून शहरातील सूक्ष्मकंपांची मोजणी करवावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे आणि 1956 पर्यंत जे नागपूर आपल्या प्रांताची राजधानी होते, ते काही परके नाही. मोजणीचा आरंभ शाळा, दवाखाने आणि पाण्याच्या टाक्या यांपासून व्हावा. तीनचार मजल्यांच्या नव्या इमारतींना परवानगी देताना त्या जागेच्या भूमीचा स्वर पाहिला जावा.

आणि या कामात विद्यार्थ्यांनी काय करावे? खिशातील मोबाइलने सूक्ष्मकंप मोजता येतील, अशा भ्रमात कोणी राहू नये. त्यातील कंपमापक या कामी फार ठोकळ असतो. परंतु दुसरे एक काम विद्यार्थ्यांवाचून होणार नाही. प्रत्येकाने आपल्या आळीतील विहिरींची आणि कूपनलिकांची चौकशी करावी. माती किती खोल लागली, मुरूम कोठे सुरू झाला, खडक किती हातांवर लागला, हे घरातील वडीलधाऱ्यांस आणि विहीर खणणाऱ्या कारागिरांस विचारून वहीत लिहावे. ही माहिती आज माणसांच्या आठवणीत आहे. ती माणसे गेली की तीही जाईल. तिची किंमत पाहा. एखाद्या विहिरीत 12 मीटरवर खडक लागला आणि तेथील भूमीचा स्वर सेकंदास पाच कंप आला, तर 12 ची चौपट 48 आणि तिला पाचाने गुणून 240. म्हणजे त्या मातीत लहरीचा वेग सेकंदास सुमारे 240 मीटर. जी गोष्ट काढण्यास एरवी खर्चाचे प्रयोग करावे लागतात, तिचा प्राथमिक अंदाज एका शाळकरी वहीने आणि अर्ध्या तासाच्या नोंदीने मिळतो. वेगवेगळ्या आळ्यांतील शंभर विहिरींच्या नोंदी जमल्या, तर शहराच्या भूमीचा आडवा छेद काढण्यास त्या पुष्कळ उपयोगी पडतील.

भूकंप टाळणे माणसाच्या हाती नाही. परंतु आपण कशावर उभे आहोत, हे जाणणे त्याच्या हाती आहे. ज्या वर्गात बसून विद्यार्थी हे अंक वाचतील, त्या वर्गाखालची भूमी या क्षणीही आपला स्वर गुणगुणत आहे. तो ऐकण्याचे साधन उपलब्ध असताना आपण तो ऐकला नाही आणि पुढे एखाद्या रात्री तो स्वर भिंतींशी जुळला, तर 'आम्हांस ठाऊक नव्हते' हे उत्तर त्या वेळी वर्गात बसणारी मुले मान्य करणार नाहीत. आणि त्यांनी ते मान्य करूही नये.